दुसऱ्या भागाचं तिकीट

माझा भाऊ आणि माझा नवरा एका सिनेमावरून एकमेकांशी बोलायचे बंद झाले, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू दे. सुरुवातीला मलाही हसूच आलं होतं. बांधावरून, लग्नातल्या मानापानावरून, फुटबॉलच्या एका गोलावरून अबोला धरलेली घरं आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतील. पण अंतराळयानाच्या सिनेमावरून, त्यातही त्याच्या दुसऱ्या भागावरून तुटलेलं घर बहुतेक आमचं एकच असावं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. शाहूपुरीत त्याचं डिजिटल बोर्डाचं, म्हणजे फ्लेक्सचं, दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, निधन, सगळ्याचे बोर्ड तो करतो. माझा नवरा त्याचा कॉलेजातला मित्र. हातकणंगल्याहून रोज यायचा आणि तास बुडवून दुकानात बसायचा. दोघांना यानं, ग्रह, यंत्रमानव असल्या सिनेमांचं भारी वेड. मी दादाचा डबा घेऊन जायची आणि या दोघांची भांडणं ऐकत बसायची. आमचं लग्न त्यातूनच जमलं. लग्नानंतर दादा त्याला दाजी म्हणायला लागला, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. नवरा मात्र त्याला भावाच म्हणत राहिला.

त्या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा आप्पांनाही, म्हणजे माझ्या वडिलांना, ही दोघं घेऊन गेली. आप्पा ऑइल इंजिनाच्या कारखान्यात फिटर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. कुठल्याही सिनेमात मध्यंतरानंतर हमखास घोरायचे. हा सिनेमा मात्र शेवटपर्यंत जागे राहून पाहिला, दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून. त्यात एक म्हातारा मेकॅनिक होता. यानाच्या इंजिनघरात आग लागते, ती पुढं पसरू नये म्हणून तो इंजिनघराचं लोखंडी दार आतून लावून घेतो. बाकीची माणसं वाचतात, यान पुढं जातं, सिनेमा संपतो.

"म्हातारा लई गुणाचा," आप्पांनी घरी येऊन आईला सांगितलं. "आमच्यातलाच वाटतोय. पाना कसा धरलाय बघायला पायजे हुतंस." मग ती गोष्ट त्यांनी दूध कट्ट्यावर सांगितली, रिक्षावाल्याला सांगितली, माझ्या सासूबाईंनाही सांगितली. अधूनमधून दुकानात जाऊन विचारायचे, "दुसरा भाग कवा येणार हाय रं?"

दुसरा भाग यायच्या आधी तो आजार आला. त्याच्या दुसऱ्या लाटेत घरात आधी दादाला ताप आला, मग आईला, मग आप्पांना. दादाला वरच्या खोलीत ठेवलं होतं. मी आईजवळ होते. आप्पांना धाप लागली तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी निघाले तर आप्पा म्हणाले, "तू आईकडं बघ." ते परत आले नाहीत. बांधून दिलं, तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. नदीवर सगळं पालिकेच्या माणसांनीच उरकलं. सावडायला आलेली माणसं नाहीत, ओसरीवर बसायला येणारे पाहुणे नाहीत. आमच्याकडं माणूस गेलं की दहा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. आप्पांच्या वेळी दारात एक चप्पल नव्हती.

दुकान तेव्हा बंदच होतं. दादानं अंगात ताप असतानाच संगणकावर आप्पांचा श्रद्धांजलीचा बोर्ड तयार केला, सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायला. मी खालून फोनवर सांगत होते, झेंडूची किनार घे, डावीकडं समई घे. खाली त्या दिवसांत सगळेच लिहायचे ती ओळ होती. सद्यपरिस्थितीमुळे कोणीही भेटावयास येऊ नये, ही नम्र विनंती.

पुढं दिवस सरळ झाले. मला मुलगा झाला. आईनं नवस बोलला होता, नातवाचं जावळ वाडीला, दत्ताच्या पायाशी काढायचं. आणि जावळ काढायचं म्हणजे पोर मामाच्या मांडीवर हवं. मामा नसला तर चुलतमामा, मावसमामा कुणीही चालतो म्हणे. पण सख्खा मामा हातभर अंतरावर राहत असताना मांडी उसनी आणायची, ही गोष्ट चारचौघांत सांगायची सोय नसते.

जावळाची तारीख धरली आणि त्याच सुमारास दुसरा भाग थिएटरला लागला. नवऱ्यानं तीन तिकिटं काढली. मला वाटलं तिसरं माझं. तर म्हणाला, "पोराला दात येतायत, तू थांब." मी म्हटलं, मग तिसरं कशाला काढलंत? "सवय," म्हणाला. मला रागच आला, पण सिनेमाच्या तिकिटावरून कोण वाद घालत बसणार?

दोघं एकत्र गेले आणि वेगवेगळे परत आले.

दुसऱ्या भागात काय आहे ते मला पाहायची गरजच पडली नाही, इतकं ते घराघरांत ऐकू येत होतं. बऱ्याच वर्षांनी ते यान दुरुस्तीसाठी थांबतं, आणि त्या बंद लोखंडी दारावर आतून ठक ठक ऐकू येतं. दार उघडतात तर म्हातारा जिवंत. बस्स. एवढ्यावरून आख्खं गाव दुभंगलं. सिनेमावेड्यांचा मोबाइलवर एक मोठा ग्रुप आहे, त्यात हे दोघंही. एक गट म्हणायचा, म्हातारा परत आला, डोळ्यांचं पारणं फिटलं. दुसरा म्हणायचा, पहिल्या भागाची माती केली, मेलेलं माणूस मेलेलंच राहायला पाहिजे. "इतकी वर्षं खाल्लं काय त्येनं?" असं एकानं विचारलं की दुसरा खेकसायचा, "शेवाळ खाल्लं, दावलंय की! डोळं फुटलं हुतं काय तुझं?" एका रिक्षाच्या मागं "म्हातारा जिवंत हाय" असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. कोल्हापुरात दोन माणसं जमली की तीन तालमी, म्हणजे तीन गट, होतात, तर इथं सिनेमाच मिळालेला.

माझा नवरा जिवंतवाल्यांत. सिनेमा बघून आला तो डोळे सुजवून, आणि पोराला उराशी धरून बराच वेळ बसला. दादा मेलेल्यांत, आणि नुसता त्यांच्यात नव्हे, सगळ्यांच्या पुढं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोराला भरवताना माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. थिएटरसमोरच्या चौकात बोर्ड लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. मधे त्या म्हाताऱ्या मेकॅनिकचा फोटो, खाली "दुसऱ्या भागात दुःखद निधन". पाठवणाऱ्या मैत्रिणीनं हसून डोळ्यांतून पाणी काढणारी तोंडं टाकली होती. मी पण हसणारच होते. मग झेंडूची किनार दिसली. डावीकडं समई दिसली. आणि अगदी खाली ती ओळ. सद्यपरिस्थितीमुळे कोणीही भेटावयास येऊ नये, ही नम्र विनंती.

निधनाचे बोर्ड कसे होतात हे दादाच्या दुकानात बसलेल्या कुणालाही माहीत आहे. माणसं रडत येतात, घाई असते. मग जुनी फाइल उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, छापायचं. दादानं तेच केलं होतं. फक्त त्यानं उघडलेली फाइल आप्पांची होती.

आणि ती ओळच लोकांना सगळ्यात जास्त आवडली. सिनेमा बघायला कुणी जाऊ नका, असं किती झक्क सांगितलंय! फोटो सांगलीला गेला, पुण्याला गेला, परत आमच्या ग्रुपवर आला. ज्याला त्याला वाटलं, डोकं चालवावं तर कोल्हापूरच्या माणसानं. घास हातात तसाच धरून मी बसले होते आणि पोर माझ्या बोटाला चावत होतं.

नवऱ्यानं तो फोटो पाहिला. सकाळी लवकर उठून चौकात गेला, दोऱ्या कापल्या, बोर्डाची घडी केली आणि घरी आणून माळ्यावर टाकली.

आता कोल्हापुरात दुसऱ्याच्या बोर्डाला हात लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथं फाटक्या बोर्डावरून डोकी फुटलीत. ग्रुपवर बोंब उठली, जिवंतवाल्यांनी बोर्ड पळवला! कुणीतरी माझ्या नवऱ्याला दोऱ्या कापताना पाहिलं होतं. दादाचा फोन आला. मी शेजारीच होते, आवाज फोनबाहेर येत होता.

"माझ्या बोर्डाला हात लावलास?"

"कुणाचा बोर्ड म्हणतोस तू त्याला?" नवरा म्हणाला. "लाज वाटाय पायजे."

"लाज? दाजी, बहिणीकडं बघून सोडलं तुला. जावळाला मामा मेला म्हणून सांग."

फोन बंद झाला. आमच्या घरात याआधी मेलेल्या माणसाबद्दल कुणी बोलत नव्हतं आणि आता जिवंत माणूस स्वतःला मेला म्हणत होता. नवऱ्याला मी म्हटलं, जाऊन समजूत घाला. तो म्हणाला, आधी त्यानं त्या फाइलीला हात का लावला ते विचार. सासूबाई म्हणाल्या, तुझा चुलतभाऊ आहेच की, मांडी ती मांडी. आईला तर काही सांगायची चोरी होती.

शेवटी मीच दुकानात गेले. दादा संगणकापुढं बसून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोला सोन्याची चेन चढवत होता. मी आले तरी मान वर केली नाही.

"ती ओळ का ठेवलीस?" मी विचारलं.

"ठेवली न्हाय. ऱ्हायली." माऊस हलवत तो म्हणाला. "डोकं भणाणलं हुतं. फोटो बदलला, नाव बदललं, खाली बघितलंच न्हाय. चौकात लोक हसाय लागली तवा वाचली. मग काय सांगू त्येस्नी? हसू नका, आमच्या आप्पांची हाय म्हणून?"

"पण आप्पांचीच फाइल कशाला?"

"ती सारखी उघडलेलीच असती," तो म्हणाला.

मशीनमधून बोर्ड सरकत बाहेर येत होता. दादानं तो कापून गुंडाळून ठेवला. मग दादा बोलायला लागला तो थांबेचना. म्हणाला, दाजीला सिनेमा ग्वाड लागला. त्येला लागंल. त्यानं आणि जादा तिकीट काढलं होतं, मधली खुर्ची मोकळी. पुढच्या रांगेत एक माणूस मान मोडून बघत होता, त्याला म्हटलं, बसा की पावणं, हितं या. तर दाजीचं तोंड उतरलं. तिथनंच त्याचं काहीतरी बिनसलेलं.

"आणि तुझं?"

"त्यो आतनं दार वाजवतोय गं." दादाचा आवाज एकदम बारीक झाला. "इतकी वर्षं वाजवतोय, आन ह्यास्नी ऐकूच येत न्हाय. लोक शिट्ट्या मारत हुते. मला बसवंना. आपण तोंड बघितलं काय आप्पांचं? कुणी बघितलं? बांधून दिलं, आपण घेतलं. मी तर वर झोपलेलो. दार कुणी लावलं, कसं लावलं, मला काय म्हाईत? त्येंनी वाजवलं असंल तर?"

मी त्याला वेड्यासारखं बोलू नकोस म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माझ्या दांडग्या भावाला इतकी वर्षं हे खात होतं, आणि आम्ही त्याच्याशी पगार, पेट्रोल आणि पोराचे दात यावर बोलत होतो. उठताना मी एवढंच म्हटलं, "रविवारी वाडीला. मांडी तुझी लागणार."

रविवारी वाडीला आम्ही पोचलो तेव्हा घाटावर गर्दी होती. आई, सासूबाई, नवरा, मी, आणि सोय म्हणून आणलेला चुलतभाऊ. तो बिचारा नवीन शर्ट घालून आला होता. न्हाव्यानं पाट मांडला, वस्तरा काढला. चुलतभाऊ बसणार इतक्यात पायऱ्यांवरून हेल्मेट हातात घेऊन दादा उतरताना दिसला. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. "उठ," एवढंच चुलतभावाला म्हणाला आणि मांडी घालून बसला. मी पोर त्याच्या मांडीवर दिलं आणि केस झेलायला टॉवेल पसरून समोर बसले. सासूबाईंना घेऊन आई दर्शनाच्या रांगेकडं गेली. मुद्दामच गेली असावी.

नवरा दोन पायऱ्या वर उभा होता. वस्तरा लागला तसा तो खाली आला आणि दादाच्या शेजारी बसला. पोर मांडीवर असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

"भावा, ते तिसरं तिकीट आप्पांचं हुतं."

"काय?"

"दवाखान्याच्या दारात म्हणाले. पावणं, दुसरा भाग आला की माझं तिकीट काढून ठेवा."

दादा हलला. "मामा, वस्तरा हाय, हलू नका," न्हावी ओरडला. दादानं पोराचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आन हे तू मला आता सांगतोस?"

"तुझ्या अंगात ताप हुता तवा. मग तू उठलास, तर वाटलं, त्येंचं शेवटचं तुझ्याऐवजी मी ऐकलं, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू."

"थेटरात तरी सांगायचंस. मी त्या खुर्चीत परक्या माणसाला बसवलं."

"सिनेमा चालू हुता की."

दादाच्या तोंडातून एक आवाज आला. हसू होतं की काय, मला आजही सांगता येणार नाही. पाणी मात्र पोराच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्यावर पडलं आणि न्हाव्यानं ते कापसानं टिपलं.

"आत कसे गेले?" दादानं विचारलं.

"चालत. पिशवी सोता धरून. वळून हात केला."

"दार कुणी लावलं?"

"कुणी न्हाय. काचेचं हुतं, आपसूक लागलं."

दादा मान हलवत राहिला. न्हाव्यानं शेवटचा हात फिरवला, पोर टाहो फोडून रडलं, आणि दोघांनी मिळून त्याला नदीवर नेऊन आंघोळ घातली. बोर्डाचा विषय कुणी काढला नाही. परत येताना दोघं पेढ्याच्या दुकानासमोर उभं राहून, शेवाळ खाऊन माणूस जगतो का, यावर भांडत होते. आईनं लांबून बघून हात जोडले.

मी हे जावळ सुखरूप पार पडावं म्हणून दोन्ही घरांचे उंबरे झिजवले होते. पार पडलं. आणि टॉवेलात माझ्या पोराचे केस धरून मी घाटावर बसले होते ते तशीच बसून राहिले. माझे वडील शेवटचं काय बोलले, ते मी माझ्या भावाला सांगितलं जात असताना ऐकलं होतं. ते सांगणारा माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपत होता.

गाडीत मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "आप्पाच म्हणाले होते. पोरीला काय सांगू नका, धाप वाढल्याचं."

"तिकिटाचं सांगायला काय झालं होतं?"

त्यानं गाडीची काच खाली केली, पुन्हा वर केली. पोर बोडकं डोकं माझ्या खांद्यावर टाकून झोपलं होतं. घर येईपर्यंत मी दुसरं काही बोलले नाही आणि त्यानंतरही बरेच दिवस कामापुरतंच बोलले.

आता दोघांचं पहिल्यासारखं चालू आहे. सिनेमा थिएटरवरून उतरून मोबाइलवर आला. एका दुपारी पोर झोपल्यावर मी लावला होता. दारावर ठक ठक सुरू झाली तिथं बंद केला. दादा परवा संध्याकाळी घरी आला, तर दोघांचं पुन्हा जुंपलेलं, पण आता आप्पांना धरून. नवरा म्हणत होता, आप्पांना दुसरा भाग आवडला असता, म्हातारा सुटला म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. दादा म्हणत होता, शिव्या घातल्या असत्या, इमानानं लावलेलं दार उघडलं म्हणून. दोघांचा आवाज चढला आणि मग दोघंही एकदम माझ्याकडं वळले.

"तू सांग," दादा म्हणाला. "आप्पा काय म्हणाले असते?"

मी पोराला भात भरवत होते. आधी वाटलं काहीतरी बोलून सोडून द्यावं, दोघं कशीबशी एका जागी बसलीत. पण तोंडातून निघायचं ते निघालंच.

"मला कुठं काय म्हणाले ते," मी म्हटलं. "मला काय सांगू नका म्हणून तेवढं सांगून गेलेत."

मी पुढचा घास कालवला.